एक कप म्हणजे किती ग्रॅम

३ फेब्रुवारी

धाकटे,

पार्सल सांभाळून उघड. वरच्या खोक्यात वजनकाटा आहे, काचेचा आणि नवा. फुटला तर चिरंजीव मला घरात राहू देणार नाही. खाली जुन्या टॉवेलात गुंडाळलाय तो तुझा कप. हो, तोच, कान तुटलेला.

फोन करू नकोस. एक कान पार गेलाय, दुसरा भट्टीच्या पंख्यानं चाललाय, आणि तू फोनवर आधी पाच मिनिटं रडतेस. आकडे कागदावरच लिहून पाठव.

काम असं आहे. चिरंजीवानं तीन दुकानं असलेला एक कॅफेवाला गाठलाय. त्याला आपली लोण्याची बिस्किटं हवीत, पण तिन्ही दुकानांत रोज एकसारखी, आणि ग्रॅमात लिहिलेल्या मापानं केलेली. आम्ही म्हटलं चार कप मैदा, दीड कप साखर. तो म्हणे, कप कोणाचा? आता त्याला काय सांगू, आमच्या जावेचा?

चिरंजीव म्हणाला, त्यात काय, मैद्याच्या गोणीवर छापलंय एक कप म्हणजे किती ते. केली त्या हिशेबानं. दात पडावेत अशी झाली. मग तुझाच कप घेतला. मी भरला, चिरंजीवानं भरला, गाडीवाल्यानं भरला. तीन माणसं, तीन वजनं! आणि एकाचीही बिस्किटं तुझ्यासारखी नाहीत. आपले नवरे, दोघे भाऊ, गेल्यावर ही बेकरी आपण दोघींनी चालवली, मी गल्ल्यावर आणि तू मळायच्या टेबलाशी, पण तू कप कसा भरतेस ते मी एकदा धड बघितलं नाही. कधी गरजच पडली नाही.

तेव्हा तू तिथं बसून तुझ्या सवयीनं कप भर, काट्यावर ठेव आणि आकडा लिही. मैदा, साखर, दूध पावडर. लोण्याचं माझं मी बघते, त्याची वजन छापलेली वडी येते.

हात कसा आहे? दोन ओळी तुझ्या हातच्या लिही.

थोरली


१० फेब्रुवारी

थोरल्या वहिनींना धाकटीचा नमस्कार.

काटा धड पोचला, चिरंजीवाला सांगा. कप बघितला आणि टॉवेलासकट मांडीवर घेऊन बसले. वहिनी, कप घराबाहेर काढलात? एवढ्या वर्षांत तो टेबलावरून हलला नव्हता. तुमच्या लग्नात आलेल्या सहापैकी हा एकटाच उरलाय, बाकीचे तुम्हीच फोडलेत.

हे पत्र मी सांगतेय आणि लेक लिहितेय. घाबरू नका, हात उत्तम आहे. प्लास्टर निघालं. बोटं जरा आखडलीत, पण दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, हे काय मी तुम्हाला सांगायचं? लेकीचं अक्षर बरं म्हणून तिच्याकडून लिहून घेते. (मोठ्या काकू, नमस्कार. माझं अक्षर बरं आहे हे आई जन्मात पहिल्यांदा म्हणतेय.) कंसात काय खरडतेस गं, असं मी विचारलं तर तिनं तेही लिहून टाकलं. असली ही कारटी.

पण वहिनी, आकडे कशाला? मीच येते की. माझ्यासमोर काटा ठेवा, मी भरते, चिरंजीव लिहून घेईल. मागच्या दाराच्या त्या तेलकट पायरीवर पडले तेव्हा तुम्हीच म्हणालात, हात बरा होईस्तोवर लेकीकडे जा. आता झाला बरा.

खरं सांगू? लेकीच्या सासरी किती दिवस राहायचं माणसानं? तिची सासू वाईट नाही, तोंडानं एक शब्द काढत नाही. पण रोज सकाळी विचारते, “आता बरं वाटतंय ना?” रोज! एखाद्या दिवशी ‘नाही’ म्हणून बघावं असं वाटतं. मी त्यांच्या दिवाणखान्यात सोफ्यावर झोपते. जावई उशिरा आले की चपला हातात घेऊन आत जातात, मी जागी होऊ नये म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. माझी वरची खोली, खालून येणारी भट्टीची ऊब, तेवढं मिळालं की मला कुणाचं काही नको.

कधी येऊ ते लिहा.

धाकटी


१६ फेब्रुवारी

धाकटे,

घाई कसली? तू आलीस की पहिल्याच दिवशी दहा किलोचा गोळा मळायला घेशील आणि हात पुन्हा मोडून बसशील. मग तो माझ्याच गळ्यात. आराम कर. मी असते तर वर्षभर उठले नसते.

आकडे मात्र लगेच पाठव. कॅफेवाला महिनाअखेर नमुना मागतोय, आणि चिरंजीव हातात घड्याळ बांधून माझ्यासमोर उभा असतो. त्याला समजावता समजावता माझा जीव जातो. “आई, काकूंच्या हातावर धंदा चालवायचा, की मापावर?” असं विचारतो. तो म्हणतो त्यात खोट नाही. तुझ्या मनगटाबरोबर अख्खी बेकरी लंगडी झाली, ते तर आपण सगळ्यांनी बघितलं.

तुझ्या टेबलाशी तात्पुरता एक कारागीर ठेवलाय. मोठ्या बेकऱ्यांतून काम केलेला. तोंडानं कमी बोलतो आणि सारखा काट्याकडे बघतो. चिरंजीवाला तो देव वाटतो.

वरची खोली रंगवून घेतली. भिंतीला ओल आली होती ती काढली, खिडकीची मोडकी कडी बदलली. तुझ्या दोन ट्रंका माझ्या खोलीत आणून ठेवल्यात, रंग उडायला नको म्हणून.

तू दोन ओळीही लिहिल्या नाहीस. लेकीचं अक्षर सुरेख आहे, मान्य. पण मी तुझं मागितलं होतं.

थोरली


२५ फेब्रुवारी

वहिनी,

माझ्यासाठी रंग कशाला हो काढायचा? भिंत ओली तर ओली, मी काय भिंतीशी लग्न लावलंय? पण पत्र दोनदा वाचून घेतलं. लेकीच्या सासूलाही वाचून दाखवायला लावलं. म्हटलं, बघा, आमच्या जाऊबाई तोंडानं तिखट आहेत पण पोटात माया आहे. ती म्हणाली, “अरे वा, मग कधी निघणार?”

घ्या तुमचे आकडे. एकेक तीनतीनदा भरून बघितलं, माझ्या ह्या उजव्या हातानं. एक कप मैदा एकशेबारा ग्रॅम. एक कप साखर एकशेऐंशी. दूध पावडर साठ. कारागिराला सांगा, मैदा कपानं उपसून घ्यायचा, चमच्यानं टाकायचा नाही, आणि वर सुरीची पाठ फिरवायची. मी इतकी वर्षं हेच केलं, दुसरं काही केलेलं नाही.

साधी गोष्ट आहे. लेक म्हणे, आई, पुढं शिकवायला हवं होतं तुला, प्रयोगशाळेत शोभली असतीस. म्हटलं, बाई, मी प्रयोगशाळेत गेले असते तर तुला खाऊ कोणी घातलं असतं?

त्या कारागिराला टेबलाच्या उजव्या पायाखालचा पुठ्ठा काढू नको म्हणावं, टेबल डगमगतं. मी आले की बाकीचं बघते. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला निघू का? जावई स्टेशनवर सोडतील.

उजव्या हातानं सही करणार होते, पण लेक घाईनं पाकीट बंद करायला निघालीय.

धाकटी


९ मार्च

धाकटे,

तुला लाज कशी वाटली नाही?

तुझ्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास टाकला. दोनशे बिस्किटं लावली. भट्टीचं दार उघडलं तर ट्रेवर बिस्किट नावाचं काही नव्हतं. सगळं पसरून एक झालं होतं, कडा काळ्या आणि मध्ये तेलकट चामडं. कॅफेवाला स्वतः आला होता बघायला. त्यानं एक तुकडा उचलला आणि ठेवून दिला. चिरंजीवाचं तोंड पडलं ते अजून वर आलेलं नाही. माझ्या लेकाला मी भरल्या दुकानात असं मान खाली घातलेलं बघावं, हे तूच करायचं राहिलं होतंस.

मी आधी म्हटलं, चुकली असेल बिचारी. तर कारागीर काय म्हणाला ते ऐक. साखरेचा आकडा बरोबर आहे. त्यानं तुझ्या कपाएवढ्या मापाचं भांडं शोधून भरून बघितलं, कोणीही भरा, साखर तेवढीच बसते. मैदा आणि पावडर तेवढी कमी लिहिलीय. मैदा दाबावा तसा बसतो, त्यात वजन लपवता येतं, साखरेत येत नाही. “चूक असती तर तिन्हीत झाली असती,” तो म्हणाला. “बाई हुशार आहेत.” चिरंजीव माझ्याकडे बघत राहिला.

आता मैदा अंदाजानं वाढवतोय. एक दिवस कडक होतात, एक दिवस पसरतात, तुझी चव एकदाही येत नाही. कॅफेवाल्यानं एप्रिलअखेर एक शेवटची संधी दिलीय, तीही माझं तोंड बघून.

आणि ऐक, लपवाछपवी मलाही नको आता. वरची खोली कारागिराला दिलीय. तो लांबून येतो, पहाटे भट्टी लावतो, त्याला जागा लागणारच. तुझी सोय तू आलीस की बघू म्हटलं होतं मी. आता कशाला बघू?

दोनच गोष्टी असू शकतात. एक तर तू मुद्दाम खोटे आकडे लिहिलेस. नाही तर तुझा तो उत्तम हात कप भरण्याच्याही लायकीचा राहिलेला नाही, आणि ते तू लपवलंस. तसं असेल तर स्पष्ट लिही, म्हणजे मी तुझी वाट बघणं सोडते. टेबलाशी दोन हात लागतात. जे काय आहे ते खरं कळव.

थोरली


१५ मार्च

वहिनी,

खोली दिलीत! रंग कोणासाठी होता ते आता कळलं. आणि मी वेडी चारचौघांत तुमचं पत्र मिरवत होते. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच ना? माझ्या ट्रंका उचलताना तुमचा हात एकदाही अडखळला नाही?

तर मग ऐका. हो, मुद्दाम लिहिलं. मैदा कमी लिहिला, पावडर कमी लिहिली. साखरेत लपवता येत नाही म्हणून ती खरी लिहिली. तुमचा कारागीर खरंच हुशार आहे.

का केलं विचाराल, तर मला पहिल्याच पत्रात कळलं होतं. कप आणि काटा पार्सलानं आला तेव्हाच कळलं. आकडे हातात पडले की धाकटीची गरज काय? गरज सरो, वैद्य मरो. इतकी वर्षं तुमच्या ताटाला ताट लावून जेवले, तुम्हाला काय मी ओळखत नाही?

खरे आकडे माझ्या हातात आहेत. माझा हात ठणठणीत आहे. खोली माझी मला द्या, टेबल द्या, मग मी येऊन तुमच्यासमोर भरते. कॅफेवाल्यालाही बोलवा हवं तर. तोवर एक आकडा मिळायचा नाही.

धाकटी

मोठ्या काकू, आई पाण्याची बाटली भरायला आत गेलीय, तेवढ्यात लिहितेय. ती खोटं बोलतेय. तिच्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आलं तेवढं आलं, आता यापुढं नाही. तिनं सगळे कप डाव्या हातानं भरले, मी शेजारी बसून आकडे लिहिले. तिला वाटलं, कप भरला की भरला, हात कुठला का असेना. तुमचं पत्र आल्यावर ती परत भरायला बसली आणि मग तिच्या लक्षात आलं. पूर्वी उजवा हात कप उपसताना टेबलाच्या कडेवर ठोकायचा आणि अंगठ्यानं वरून दाबायचा. तिला ते करतोय हे ठाऊकच नव्हतं. डाव्या हाताला ते येत नाही, म्हणून मैदा हलका बसला. मी म्हटलं, आई, खरं तेच लिहू. तर म्हणते, “लबाड बाई कामाची असेल तर परत बोलावतात गं. लुळ्या हाताच्या बाईला कोण बोलावतं?” काकू, तिला रागावू नका. मळायचं नाही, पण सांगायला, बघायला, गल्ल्यावर तुमच्याशेजारी बसायला तिला बोलवा. इथं माझी सासू आता रोज विचारत नाही, ती पाहुण्यांसमोर विचारते. मी काय करू ते मला कळत नाही.


२४ मार्च

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. मी ते चिरंजीवाला दाखवलं, आणि तुझ्या माहेरी तुझ्या भावालाही त्याची प्रत पाठवली. तू स्वतः कबूल केलंस ते बरं झालं. धंद्यात ज्या माणसानं एकदा दगा दिला त्याला पुन्हा पिठाला हात लावू देता येत नाही, हे तुझा नवरा आणि माझा नवरा दोघंही म्हणायचे. यापुढं बेकरीत तुझं काम नाही. ट्रंका मालगाडीनं पाठवते, पोचल्या की कळव. त्यात मी तुझी दुलई आणि माझी एक नवी साडी घातलीय.

कप आणि काटा ठेवून घे.

थोरली


२४ मार्च

पोरी,

हे तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, आईला दाखवू नकोस.

तुझ्या ओळी वाचल्या. पत्र चिरंजीवाला द्यायच्या आधी तेवढा तुकडा कापून चुलीत टाकला. तू मला हवी तेवढी नावं ठेव. तुझी आई पडली तेव्हा ती पायरी धुवायला मीच कोणाला सांगितलं नव्हतं, ते मला रोज आठवतं. पण मी आता लेकाच्या हाताखाली आहे. गल्ल्याची किल्ली गेल्या महिन्यात त्यानं घेतली, मी नुसती खुर्चीत बसते. बिनकामाची एक म्हातारी तो पोसतोय. दोन पोसणार नाही, तसं तो मला तोंडावर म्हणालाय.

मोडक्या हाताच्या विधवा जावेला बाहेर काढलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. दगा देणाऱ्या जावेला काढलं तर म्हणतील, बरं केलं. तुझ्या आईनं आपणहून लिहून दिलंय, मी ते कशाला खोडू? तिला लुळी म्हणवून घ्यायचं नाही, मला दुष्ट म्हणवून घ्यायचं नाही. दोघींची लाज राहिली.

एक काम कर. तिच्याकडून खरे आकडे काढ. ती बघून सांगेल, तुझा हात धड आहे, भर आणि वजन कर. एप्रिलअखेरच्या आत पाठव. ते जमलं नाही तर कॅफेवाला जाईल, आणि चिरंजीवानं भट्टीसाठी जे कर्ज डोक्यावर घेतलंय त्याखाली आम्ही सगळेच जाऊ. तेवढं आपल्या नात्याखातर कर.

तुझी मोठी काकू


६ एप्रिल

वहिनी,

हे माझ्या हातचं आहे. डाव्या. तुम्ही दोनदा मागितलंत म्हणून. अक्षर लागत नसेल तर चिरंजीवाकडून वाचून घ्या.

लेकीनं तुमचं पत्र मला दाखवलं. तिच्यावर रागवू नका. सासूसमोर, नवऱ्यासमोर, तुमच्यासमोर, सगळीकडे ती पोर खोटं वागून थकलीय. पत्र माझ्या मांडीवर टाकलं आणि न जेवता कामावर गेली.

तुम्हाला ठाऊक होतं. मला वाटत होतं तुम्ही मला लबाड समजून काढलंत, आणि त्यावर मी मनाशी म्हणत होते, चूक माझीच, मीच तसं लिहिलं. तुम्ही तर मी कशी आहे ते पुरतं जाणून काढलंत. माझ्या भावालाही लिहिलंत. तो काल म्हणाला, ताई, तू असं करशील वाटलं नव्हतं. त्याच्याकडे जाण्याची वाटही गेली.

आकड्यांचं सांगते. ते झालेत. तुमचं पत्र यायच्या आधीच झाले. लेकीला समोर बसवलं, म्हटलं, उपस, ठोक, आता अंगठ्यानं दाब, अजून, बास. तीन दिवस चाललं होतं. तिच्या छोट्या ओव्हनमध्ये भाजून बघितली आणि पहिल्या घासाला ती रडायलाच लागली, म्हणे, आई, तुझी झाली. तिच्या सासूनं चार खाल्ली. मी पाकिटावर तुमचा पत्ता घालून ठेवला होता. म्हटलं, खोली देवोत न देवोत, दोन भावांची बेकरी आहे, बुडायला नको. असली मी खुळी.

ते पाकीट मी आज सकाळी फाडलं. लेकीला आकडे पाठ नाहीत, मला आहेत, आणि मी ते तुम्हाला देणार नाही. एप्रिल संपेल, कॅफेवाला जाईल, पुढचं तुमचं तुम्ही बघा. मला इथं ‘आता बरं वाटतंय ना’ ऐकत मरायचंय, तुम्हाला तिथं लेकाच्या खुर्चीत. मी तुम्हाला मागं लिहिलं होतं ना की मुद्दाम केलं? तेव्हा ते खोटं होतं. आता चिरंजीवाला सांगा, काकू मुद्दाम करतेय, आणि ह्या वेळी खरंच सांगा.

धाकटी